कै. जी. एन. जोशी आणि ‘शीळ’ची तबकडी

आपल्या क्रमिक पुस्तकांत ज्या थोर पुरुषांचीं चरित्रें येतात, ते बहुधा राजे, सेनापति, शास्त्रज्ञ किंवा समाजसुधारक असतात. ज्यांच्यामुळें साध्या माणसाच्या घरांत एखादा गोड सूर कायमचा राहावयास आला, अशा मंडळींची ओळख विद्यार्थ्यांस क्वचितच होते. आज हवें तें गाणें हवें तेव्हां खिशांतल्या यंत्रावर ऐकतां येतें. म्हणून गाणें घरीं आणणें ही एके काळीं केवढी नवलाची गोष्ट होती, याची कल्पना आजच्या मुलांस सहज यावयाची नाहीं. एका गृहस्थांनीं खेड्याच्या वातावरणांतलें एक मराठी गीत काळ्या तबकडीवर गाइलें, आणि पुढें दुसऱ्यांचें गाणें तबकडीवर उतरविण्यांत आयुष्य वेंचलें. त्या कै. गोविंद नारायण जोशी यांची, म्हणजे जी. एन. जोशी या नांवानें सर्वश्रुत झालेल्या गायकाची, हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

जोशी यांचा जन्म १९०९ सालचा. त्याच्या सातच वर्षें अगोदर, १९०२ सालीं, लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें फ्रेड गैसबर्ग नांवाच्या आपल्या तंत्रज्ञास हिंदुस्थानांत पाठविलें होतें, आणि कलकत्त्यास त्यानें येथील गायकांचीं ध्वनिमुद्रणें केलीं होतीं. आरंभीं हीं मुद्रणें परदेशांत छापून, तबकड्यांच्या रूपानें, बोटीनें परत येत. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला, आणि तबकड्या येथेंच तयार होऊं लागल्या. कर्ण्यापुढें कान टंवकारून बसलेल्या कुत्र्याचें चित्र ज्या तबकड्यांवर असे, त्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नांवानें घरोघर ओळखल्या जाऊं लागल्या. म्हणजे जोशी आणि ग्रामोफोन हे या देशांत जवळजवळ बरोबरच लहानाचे मोठे झाले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही तबकडी म्हणजे काय होती, तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. ती मुख्यतः लाखेची केलेली, दहा इंच व्यासाची आणि हातांतून पडली तर फुटणारी अशी असे. यंत्रास किल्ली द्यावी, तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे या वेगानें फिरूं लागावी, पोलादी सुई तिच्या कडेवर हळूच ठेवावी, आणि मग कर्ण्यांतून आवाज यावा. एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें, फार तर त्याहून थोडें अधिक, इतकेंच गाणें मावत असे. तेवढ्यांत बाजू संपे; तबकडी उलटावी लागे, आणि सुईहि बदलावी लागे. या तीन मिनिटांच्या मर्यादेनें आपल्या गाण्याचें रूप कसें बदललें, तें पुढें दिसून येईल.

जोशी तरुण झाले, तोंवर मराठी तबकड्या पुष्कळ निघाल्या होत्या. त्यांत नाटकांतलीं पदें, बैठकींतल्या चिजा, भजनें आणि लावण्या यांचा भरणा असे. रंगभूमीवर गाजलेलें पद तबकडीवर यावें आणि तबकडीवर ऐकलेलें पद लोकांनीं रस्त्यांत गुणगुणावें, असा तो क्रम होता. परंतु कवीनें आपल्या वहींत लिहिलेली, कोणत्याहि नाटकांत नसलेली, मनांतला एकच भाव सांगणारी कविता गाण्याच्या रूपानें विकत मिळेल, हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

कवितेला मात्र नवीं पालवी फुटत होती. आपल्या मालगुंडास जन्मलेल्या केशवसुतांनीं मराठी कवितेस नवें वळण देऊन बराच काळ लोटला होता. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें, आणि माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश प्रभृति कवि आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवूं लागले. छापलेली कविता कानांनीं ऐकण्याची गोडी अशा रीतीनें लोकांस लागत चालली होती. कविता गाण्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबली होती. तिला हात धरून आंत नेणारा कोणी तरी हवा होता.

याच सुमारास वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांत, एक तरुण कवि लिहूं लागला होता. नागोराव घनश्याम देशपांडे हें त्यांचें नांव. त्यांचाहि जन्म १९०९ सालचाच. पुढें मेहकर येथें त्यांनीं वकिली केली आणि आयुष्यभर शहराच्या गजबजाटापासून दूर राहून कविता लिहिली. १९२९ सालीं, म्हणजे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यांनीं ‘शीळ’ ही कविता रचिली. खेड्यांतली एक तरुणी आपल्या सजणाशीं बोलते आहे, एवढाच तिचा विषय. त्याची शीळ रानांतून घुमत येते, तिचा जीव उडून जातो, आणि वेळकाळ न पाहतां शीळ घालणाऱ्या त्या वेड्यावर ती लटक्या रागानें रुसते. शब्द सारे खेड्यांतल्या बोलींतले. पुस्तकी अलंकार त्यांत शोधून सांपडावयाचे नाहींत. तरी त्या बोलींतच अशी लय आहे कीं, वाचतां वाचतां ओठ आपोआप हलूं लागतात.

ही कविता जोशी यांच्या हातीं आली, आणि त्यांनीं तिला चाल लाविली. त्यांच्यापुढें दोन अडचणी होत्या. पहिली त्यांच्या स्वतःच्या जीवनांतली. ते शिकलेले गृहस्थ होते आणि त्यांनीं कायद्याची पदवी घेतली होती. त्या काळीं पांढरपेशा घरांत गाण्याची हौस असली तरी ती घरापुरती असावी, असाच समज रूढ होता. गाणें ऐकावें, दाद द्यावी, सणावारीं दोन पदें म्हणावीं. परंतु चारचौघांत गाणारा म्हणून नांव व्हावें, आणि त्यांतहि तें नांव बाजारांत विकल्या जाणाऱ्या तबकडीवर छापून यावें, हें पुष्कळ वडीलधाऱ्यांस रुचण्यासारखें नव्हतें. ज्या मुलानें वकिलीची सनद मिळवावयाची, त्यानें कर्ण्यापुढें उभें राहावें काय, हा प्रश्न तेव्हां लहान नव्हता.

दुसरी अडचण गाण्याचीच होती. नाटकांतलें पद गातांना गायक एकेक ओळ घोळून घोळून आळवी आणि ताना घेई. प्रेक्षकांनीं पुन्हां म्हणावयास लावलें, म्हणजे पद आणखी लांबे. येथें तीन मिनिटांत सारी कविता सांगावयाची होती. तानांनीं शब्द झांकून टाकले तर खेड्यांतली ती मुलगी हरवून जाणार. नुसतेच शब्द म्हणून दाखविले तर तें गाणें होणार नाहीं. जोशी यांनीं मधला मार्ग काढला. चाल सोपी ठेविली, शब्द स्वच्छ ठेविले, आणि स्वरांचें काम तेवढेंच राखिलें कीं जेणेंकरून शब्दांतली हुरहुर अधिक जाणवावी. शास्त्रीय गाण्याची बैठक हाताशीं असून ती पुढें न मिरविणें, यांत जो संयम लागतो, तो थोडका नव्हे.

तबकडी भरणें हीहि तेव्हां एक परीक्षाच होती. गायक ध्वनिग्राहक यंत्रापुढें उभा राही, आणि पलीकडे मेणाच्या जाड थराच्या तबकडीवर सुई त्याच्या आवाजाची रेघ खोदीत जाई. गातांना स्वर घसरला, शब्द अडखळला किंवा साथीदारास खोकला आला, तर तो तुकडा कापून काढण्याची सोय नव्हती. तें मेण बाजूस ठेवून दुसऱ्यावर आरंभापासून गाणें भाग पडे. घड्याळाकडे नजर, सुरांकडे कान आणि मन मात्र रानांतल्या त्या शिळेकडे, अशी ही तिहेरी कसरत करावी लागे. ‘शीळ’ची तबकडी १९३२ च्या सुमारास निघाली.

तिचें स्वागत फार उत्साहानें झालें. ती महाराष्ट्रांत सर्वत्र गाजली, आणि जोशी यांचें नांव एका गाण्यानें घराघरांत गेलें. याचें कारण शोधूं गेल्यास तें फारसें गूढ नाहीं. नाटकाचें पद गळ्यावर चढावयास तयारी लागे; हें गाणें कोणालाहि म्हणतां येण्यासारखें होतें. शिवाय शहरांत नोकरीकरितां आलेल्या हजारों माणसांचें मन आपल्या गांवाकडे लागलेलें असे. आपल्या कोंकणांतला चाकरमानी हें चांगलें जाणतो. गिरणींत किंवा कचेरींत दिवस काढून खोलीवर आल्यावर, ज्या गाण्यांत रान आहे, वारा आहे आणि गांवची बोली आहे, तें गाणें त्याच्या कानास पाहुण्यासारखें न वाटतां घरच्या माणसासारखें वाटावें, यांत नवल नाहीं.

उलट बाजूनें शंकाहि निघण्याजोग्या होत्या. कविता एकांतांत वाचावयाची असते. ती तबकडीवर चढविली म्हणजे तिचा बाजार होणार नाहीं काय? आणि ज्या गाण्यांत रागाचा विस्तार नाहीं, त्यास गाणें तरी कसें म्हणावें? या प्रश्नांचें उत्तर वादानें न मिळतां काळानेंच दिलें. ‘शीळ’ ही मराठी भावगीताच्या युगाची नांदी ठरली. गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनीं पुढें भावगीतांचे जाहीर कार्यक्रम गांवोगांवीं लोकप्रिय केले, आणि मराठी कविता ज्यांनीं कधीं पुस्तकांत उघडून पाहिली नव्हती, अशांच्या ओठीं ती जाऊन बसली. कवीची गोष्ट तर याहून लक्षांत ठेवण्यासारखी आहे. देशपांडे यांचा ‘शीळ’ याच नांवाचा पहिला संग्रह १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे पुस्तकाच्या आधीं वीसाहून अधिक वर्षें त्यांची कविता गाण्याच्या रूपानें महाराष्ट्रभर हिंडत होती! पुढें १९८६ सालीं त्यांस ‘खूणगांठी’ या संग्रहाबद्दल साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अशीच एक गोष्ट थोड्या वर्षांपूर्वीं सातासमुद्रांपलीकडे घडली होती, ती तुलनेसाठीं सांगण्याजोगी आहे. १९२७ सालीं अमेरिकेंतील टेनेसी संस्थानाच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर यांनीं तात्पुरतें ध्वनिमुद्रणालय थाटलें. आसपासच्या डोंगराळ मुलुखांतलीं गरीब माणसें तेथें येऊन गाऊन गेलीं. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचीं पहिलीं ध्वनिमुद्रणें तेथलींच. त्यांतून त्या देशांत ग्रामीण गाण्याचा एक मोठा संप्रदाय उभा राहिला. गंमत अशी कीं, व्हिक्टरच्या तबकड्यांवरहि तेंच कान टंवकारलेलें कुत्रें होतें. तेथें डोंगरांतले लोक स्वतः गाइले. आपल्याकडे एका वकील कवीनें खेड्याची बोली उचलली आणि दुसऱ्या कायदेपदवीधरानें ती गाइली. मार्ग भिन्न, परंतु जें गाणें शहराच्या दिवाणखान्यांत कोणी विचारीत नव्हतें, त्यास तबकडीनें दोन्हीकडे मानाचें पान दिलें.

येथवरची कथा एका यशस्वी गायकाची झाली. जोशी यांच्या चरित्रांतला खरा निर्णयाचा क्षण याच्या पुढें आहे. १९३८ सालीं ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या मुंबईच्या ध्वनिमुद्रण विभागांत नोकरीस लागले. वकिलीचा ठरलेला मार्ग सुटला, हें तर झालेंच. परंतु याहून मोठा त्याग दुसराच होता. ज्यांचा स्वतःचा आवाज लोकांनीं डोक्यावर घेतला होता, ते आतां कांचेच्या पलीकडे बसून दुसऱ्यांचा आवाज टिपणार होते. त्यानंतरहि त्यांनीं गाणीं गाइलीं. परंतु दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या गाण्यासाठींच जाणार, हें त्यांनीं जाणूनबुजून पत्करिलें.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. तासभर राग आळविणाऱ्या उस्तादांस तीन मिनिटांची अट सांगणें म्हणजे समुद्र घागरींत भरावयास सांगण्यासारखें होतें. कोणी यंत्रावर अविश्वास दाखवी, कोणाला आपली विद्या तबकडीवरून चोरीस जाईल अशी भीति वाटे, कोणाची लहर लागावयास दिवस जात. अशा वेळीं समोरचा अधिकारी स्वतः गाणारा असावा, त्यानेंहि तीच तीन मिनिटें सोसलेलीं असावींत, याचा कलावंतास केवढा धीर वाटत असेल! उस्ताद बडे गुलाम अली खां, उस्ताद अमीर खां, बेगम अख्तर, पंडित द. वि. पलुस्कर अशा थोर मंडळींशीं जोशी यांचा या कामाच्या निमित्तानें निकटचा संबंध आला. पलुस्कर यांचें उदाहरण घ्या. १९५५ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते हें जग सोडून गेले. तबकड्या नसत्या, तर त्यांचें भजन आज आपणांस कोठून ऐकावयास मिळालें असतें? ज्या दिवशीं एखादा गायक ध्वनिमुद्रणास बसे, त्या दिवशीं कोणासहि ठाऊक नसे कीं, पुढें तेवढाच ठेवा मागें राहणार आहे.

पुढें यंत्रें सुधारलीं. चुंबकीय फीत आली, आणि लांब पल्ल्याची तबकडी आल्यावर एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. जोशी यांनीं या नव्या सोयीचा उपयोग करून १९६७ सालीं एक अपूर्व प्रयोग केला. त्या वेळीं पंडित शिवकुमार शर्मा, पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि पंडित ब्रिजभूषण काबरा हे तिघेहि तिशीच्या आंतबाहेरचे तरुण होते. शर्मा यांचें संतूर शास्त्रीय मैफलींत नवखें होतें. काबरा यांची गिटार तर परदेशी वाद्य म्हणूनच ओळखली जाई. चौरसिया यांच्या बांसरीची कीर्ति अजून पसरावयाची होती. या तिघांकडून जोशी यांनीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे ‘दरीची साद’, ही तबकडी करविली. काश्मीरच्या दरींतल्या एका मेंढपाळाचा दिवस, असा तिचा विषय. पहांटेच्या अहीर भैरवापासून आरंभ होऊन प्रहराप्रहराचे राग येत जातात आणि पहाडीनें शेवट होतो. ही तबकडी देशांत आणि परदेशांतहि अतिशय गाजली. हिंदुस्थानी संगीताशीं पुष्कळ पाश्चात्य श्रोत्यांची पहिली ओळख तिनेंच करून दिली.

‘शीळ’ आणि ही तबकडी यांत पस्तीस वर्षांचें अंतर आहे. एकींत शब्द आहेत, दुसरींत केवळ वाद्यें आहेत. तरी दोहोंचें मूळ एकच दिसतें. रान, मोकळा वारा, साधें माणूस आणि त्याच्या मनांतली ओढ, हाच दोन्हींचा विषय. पहिल्या वेळीं जोशी यांचा आवाज सर्वांनीं ऐकला. दुसऱ्या वेळीं त्यांचा एकहि स्वर त्यांत नव्हता. मेंढपाळाच्या दिवसाचें हें वादन जगभर ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस त्यामागच्या या मराठी माणसाचें नांव ठाऊक असेल. याचें वैषम्य मानणारा मनुष्य असें काम इतकीं वर्षें करूंच शकला नसता.

उत्तर वयांत जोशी यांनीं आपल्या आठवणी लिहून काढिल्या. ‘डाउन मेलडी लेन’ हें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत स्वतःविषयीं लिहितांनाहि भेटलेल्या कलावंतांसच त्यांनीं अधिक जागा दिली आहे. १९९४ सालीं, वयाच्या पंचायशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून घेण्यासारखें बरेंच आहे. मी दोनच गोष्टी सांगतों. पहिली पालकांसहि उद्देशून आहे. मुलाच्या अंगीं असलेला गुण त्याच्या पदवीशीं जुळत नाहीं, म्हणून तो वायां गेला असें समजूं नये. जोशी यांनीं कायद्याचा अभ्यासहि पुरा केला आणि गळाहि राखिला; एक दुसऱ्याच्या आड आलें, असें झालें नाहीं.

दुसरी गोष्ट अशी. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत शिमग्याच्या पालखीचीं गाणीं आहेत, नमन-खेळ्यांतलीं आणि जाखडींतलीं गाणीं आहेत, आणि जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या आज्या अजून कांहीं घरांत आहेत. जोशी यांच्या काळीं एक गाणें टिपावयास कारखाना, मेण, यंत्र आणि तंत्रज्ञ इतका खटाटोप लागे. आज तेंच काम घरांतल्या लहानशा यंत्रावर एका बोटानें होतें. असें असून आजीची ओवी तिच्याबरोबरच नाहींशी होत असेल, तर दोष यंत्राचा नव्हे. येत्या सुट्टींत प्रत्येकानें आपल्या घरांतलें, नाहीं तर शेजारचें, निदान एक जुनें गाणें म्हणणाऱ्याची परवानगी घेऊन टिपून ठेवावें. म्हणणाराचें नांव, गांव आणि तारीख त्यासोबत लिहून ठेवावी. कै. जी. एन. जोशी यांस याहून योग्य अशी दुसरी आदरांजलि वाहतां येणार नाहीं.